घोडा रोज काय खातो? गेममधलं जड घोडदळ आणि आपलं घोडदळ

हा भाग रेकॉर्ड केलाय मोशीत, माझ्या फ्लॅटवर, शनिवारी रात्री. त्यामुळे मागे अधूनमधून ट्रकचा हॉर्न ऐकू येईल. नाशिक हायवे आहे, त्याला म्यूटचं बटण नाही. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा मजकूर, थोडा साफसूफ करून.

आजचा विषय भांडणातून आलाय. मी आणि माझा रूममेट, दोघंही 'एज ऑफ एम्पायर्स टू' खेळतो. तो कायम फ्रँक्स घेतो. का, तर फ्रँक्सच्या घोडदळाला वीस टक्के जास्त हेल्थ मिळते. साध्या पॅलाडिनची १६०, तर यांच्या पॅलाडिनची १९२. तो शांतपणे शेती वाढवतो, सोनं खणतो, तीस-चाळीस पॅलाडिन बनवतो आणि मग माझ्या गावातून रोडरोलर फिरवल्यासारखा जातो. मी हिंदुस्तानी घेतो. माझ्याकडे हुसार असतात. हेल्थ ७५, हल्ला ७. त्याच्या पॅलाडिनचा हल्ला १४. पुढचं सांगायला नको.

तर मागच्या महिन्यात असाच हरल्यावर तो म्हणाला, "अरे, खरंच आहे ना हे? आपल्याकडे जड घोडदळ नव्हतंच. टट्टू होते. म्हणून तर पानिपत झालं."

मला राग आला, पण उत्तर आलं नाही. त्याचं वाक्य चूक आहे असं सिद्ध करता येईना, आणि बरोबर आहे असंही वाटेना. म्हणून मी ते केलं जे आपण इंजिनिअर लोक करतो. एक्सेल उघडलं.

आधी गेमची बाजू नीट समजून घेऊ, कारण गेम बनवणाऱ्यांनी काही गोष्टी खरंच अभ्यासून केल्यात. २०२२ साली 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आलं तेव्हा भारतातले चार गट झाले: हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली. चौघांपैकी एकालाही नाइट नाही. नाइट नाही म्हणजे पुढे पॅलाडिनही नाही. त्याऐवजी उंट, हत्ती, हलके स्वार. बायझंटाइनांना कॅटाफ्रॅक्ट, लिथुआनियनांच्या नाइटला प्रत्येक पवित्र अवशेषामागे एक हल्ला जास्त, ट्यूटनांचं चिलखत जाड. म्हणजे जड घोडदळ ही युरोप आणि आसपासची मिरासदारी, आणि आपण इकडे उंटावर. (हुसार हे नाव गेमने हलक्या स्वाराला दिलंय. पोलंडचे पंखवाले हुसार मात्र चांगले जड होते. पण ते असो.)

आता गेममधला नाइट बनवायला काय लागतं? ६० अन्न आणि ७५ सोनं. बस्स. एकदा दिलं की झालं. तो नाइट मग दोन तास नकाशाच्या कोपऱ्यात उभा ठेवा, त्याला काही लागत नाही. ना चारा, ना पाणी, ना नाल. जन्मताना एकदा जेवला तो आयुष्यभरासाठी.

हे माझ्या डोक्यात आलं ते गेम खेळताना नाही, चिखलीला मामाकडे गेलो होतो तेव्हा. आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्यात त्यांना माहीत असेल, घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते. मामाच्या भावकीत एकाकडे अशी घोडी आहे. मी सहज विचारलं, केवढ्याला घेतली? तो हसला. म्हणाला, "घेतल्याचं काय विचारतो, पोसायला काय लागतं ते विचार." मग हरभरा, भरडा, कडबा, हिरवा चारा, नाल, डॉक्टर असा हिशोब त्याने बोटांवर मांडला. मी गप्प बसून ऐकला. घरी येऊन एक्सेलमध्ये नवीन कॉलम टाकला. नाव दिलं 'रोज'.

आणि या एका कॉलमने सगळी तुलनाच उलटीपालटी झाली.

पहिली ओळ मुघलांची. जड घोडदळ म्हणजे मुळात काय? मोठा घोडा, चिलखत घातलेला स्वार, जमलं तर घोड्यालाही पाखर, आणि काम एकच, समोरच्या रांगेवर एकदम आदळणं. मुघलांकडे हे सगळं होतं. बख्तर, जिरेटोप, छातीपाठीवर चार पोलादी पत्रे. घोडे अरबस्तान, इराण आणि मध्य आशियातून यायचे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त घोड्यांच्या सात प्रती दिल्यात. सगळ्यात वर अरबी, मग इराणी, आणि आपल्याकडची जनावरं यादीच्या खालच्या टोकाला. प्रत्येक मनसबदाराने किती स्वार ठेवायचे हे ठरलेलं. घोड्यावर डाग द्यायचा, स्वाराचं वर्णन लिहून ठेवायचं, म्हणजे हजेरीला भाड्याचं तट्टू उभं करता येऊ नये. आपल्याकडे बायोमेट्रिक लावतात ना, तसंच.

गेमच्या भाषेत ही ओळ एकदम भारी. हेल्थ जास्त, चिलखत जास्त. पण 'रोज' कॉलमला आलात की गाडी अडते. मोठा घोडा जास्त खातो. नुसत्या गवतावर भागत नाही, त्याला दाणा लागतो. मैदानी मुलखात हे जमतं. सह्याद्रीच्या कडेला, पावसाळ्यात?

याचं उत्तर आपल्या चाकणमध्येच आहे. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आपण रोज जिथे अर्धा तास शिव्या घालत उभे असतो, तिथून संग्रामदुर्ग हाकेच्या अंतरावर आहे. भुईकोट. उरलाय थोडासाच. मी स्वतः चार वर्षं त्या भागातून ये-जा केली आणि एकदाही आत गेलो नव्हतो, हे कबूल करतो.

१६६० च्या मे महिन्यात शायिस्ताखान प्रचंड फौज घेऊन पुण्यात पोचला. मराठ्यांनी समोर उभं राहून लढाई दिलीच नाही. त्यांनी आसपासचा दाणा-वैरण नाहीसा केला. पावसाळा तोंडावर. एवढे घोडे पुण्यात पोसायचे कसे? चाकण अहमदनगरच्या, म्हणजे मुघली मुलखाच्या जवळ. रसद येणं सोपं. म्हणून खान चाकणकडे वळला. गंमत बघा, आज कंपन्या चाकणला गोदामं टाकतात त्याचं कारण आणि खान चाकणला आला त्याचं कारण जवळपास एकच: माल आणणं-नेणं.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. फिरंगोजी नरसाळा तीनेकशे माणसांनिशी जून ते ऑगस्ट, सुमारे ५५ दिवस लढला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हा किल्ला पडला. या ५५ दिवसांत त्या चिलखती स्वारांनी काय केलं? चिखलात उभं राहून घोड्यांना खायला घातलं. खंदकावर घोडा धावून जात नाही. म्हणजे जगातल्या मोठ्या घोडदळांपैकी एक पावसात भिजत होतं आणि काम करत होते बेलदार आणि गोलंदाज.

आता मराठ्यांची ओळ. इथे माझ्या रूममेटचं अर्धं वाक्य खरं आहे. आपला घोडा लहान होता. भीमथडी, म्हणजे भीमा नदीच्या काठावरची जात. आपल्या राज्यगीतात ज्यांचा उल्लेख आहे तीच ही तट्टं. अलीकडेच या जातीची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही झाली. काटक, डोंगर चढणारी, मिळेल ते खाऊन जगणारी. गेममध्ये तिला हेल्थ ६० देतील, आणि मी तक्रार करणार नाही.

पण या तट्टांमागे जी व्यवस्था होती, ती गेममध्ये कुठेच दिसत नाही. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिलीय. २५ बारगीरांवर एक हवालदार. पाच हवाल्यांचा एक जुमला. दहा जुमल्यांवर हजारी. आणि प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. म्हणजे तुकडीच्या व्याख्येतच देखभाल धरलेली आहे. मी रोज सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे मला हे वाचून फार बरं वाटलं. नवीन फीचरचं कौतुक सगळे करतात, देखभालीचं बजेट कोणी लिहून ठेवत नाही.

याहून भारी म्हणजे चिपळूणजवळ हलवर्णला छावणी असलेल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं पत्र. १६७० च्या दशकातलं. ते नक्की शोधून वाचा. त्यात शौर्यावर फार काही नाही. विषय आहे गवत. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनाला येईल तशी उधळली तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडे मरतील, आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कोणी दाणे आणेल, कोणी गवत, कोणी भाजी, आणि त्या लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची गंज पेटेल. असं सगळं. राजा उंदराचा विचार करतोय! ज्याला कळलंय की घोडदळ म्हणजे तलवार नंतर आणि गवताची गंज आधी, तोच असं पत्र लिहू शकतो.

तर ही तट्टं मैदानात जड घोडदळापुढे उभी राहू शकत होती का? १६७२ ला साल्हेरला राहिली. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी तिथे मुघलांच्या मोठ्या फौजेला उघड्यावर हरवलं. म्हणजे 'मराठे फक्त पळून लढायचे' हेही खरं नाही. हे मी थोडक्यात सांगतोय, साल्हेरवर वेगळा भाग करायचाय.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेली. घोडा कोणाचा?

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. घोडा पागेचा, हत्यार बहुतेक सरकारचं, पगार ठरलेला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन आलेला. आजच्या भाषेत एक कंपनीची गाडी चालवतो आणि दुसरा स्वतःची गाडी अॅपला लावतो. आता विचार करा. समोर तोफा आहेत, हुकूम झाला, घाला घोडा. बारगीराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळेल. शिलेदाराचा मेला तर? नोकरी गेली. घरची जमीन गहाण ठेवून घेतलेलं जनावर गेलं. तो घोडा आवरता घेणारच. भित्रा म्हणून नाही, ईएमआय आहे म्हणून.

मुघलांकडेही हाच रोग होता. विल्यम अर्विन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०३ साली मुघल लष्करावर पुस्तक लिहिलं, त्यात तो हेच सांगतो: घोडा स्वाराच्या मालकीचा, तो मेला की माणूस देशोधडीला, म्हणून एवढं चिलखत असूनही हल्ला शेवटपर्यंत नेताना हात आखडायचा. म्हणजे 'जड घोडदळ' हे काही फक्त घोड्याच्या वजनावर ठरत नाही. घोडा मेल्यावर पैसे कोण भरणार, त्यावरही ठरतं. शिवाजी महाराजांचा कल पागेकडे होता. पेशवाईत राज्य वाढलं तसा शिलेदारांचा आणि सरदारांच्या आपापल्या पथकांचा भरणा वाढला. गेममध्ये सगळे घोडे खेळाडूचे असतात. एकही पॅलाडिन माऊसचं ऐकायला नकार देत नाही.

या सगळ्यानंतर पानिपत. तिसरी ओळ, अब्दालीची.

अब्दालीकडे खरंच जड घोडदळ होतं. मोठे खुरासानी-तुर्कमान घोडे, चिलखती स्वार, उंटांवरच्या जंबुरक तोफा. आणि त्याहून महत्त्वाचं, त्याने ताज्या दमाची राखीव फौज मागे ठेवली होती. पण रूममेटचं 'आपल्याकडे नव्हतंच' हे मात्र साफ चूक. भाऊंच्या हाताखाली मधोमध हुजुरात होती, खास पेशव्यांचं घोडदळ. १४ जानेवारी १७६१ ला ही हुजुरात अब्दालीचा वजीर शाहवलीखान याच्या फळीवर समोरून आदळली. आणि ती फळी फुटत आली होती. वजीर घोड्यावरून उतरून पळणाऱ्यांना ओरडून थांबवत होता. हाच तर तो जड घोडदळाचा हल्ला! आपल्याकडे होता, आणि काही तास चाललाही. मग विश्वासराव पडले, राखीव फौज आली, आणि आदळायला दुसरी लाट उरली नाही.

का उरली नाही? 'रोज' कॉलम बघा.

मराठे नोव्हेंबर १७६० च्या सुरुवातीपासून पानिपतला अडकून होते. अडीच महिने. साधा हिशोब करू. मध्यम घोड्याला दिवसाला ढोबळमानाने आठ किलो चारा धरा. पन्नास हजार घोडे धरा, आकडा गोल आहे, फक्त हिशोबासाठी. ४०० टन झाले. रोज. दहा टनी ट्रक धरला तर ४० ट्रक, तेही चारा फुगतो हे सोडून. चाकण एमआयडीसीत ४० ट्रक म्हणजे काहीच नाही, सकाळी एका गेटवर उभे असतात. पण बैलाच्या पाठीवर? एका बैलावर शंभर किलो म्हटलं तरी रोज चार हजार बैल, आणि बैल काय वारा खातो? त्यालाही चारा. शिवाय माणसं, यात्रेकरू, बुणगे, सगळे वेगळेच.

दिल्लीचा रस्ता अब्दालीने अडवलेला. यमुनेपलीकडचा दुआब नजीबाच्या बाजूचा, म्हणजे अब्दालीची रसद चालू. ती तोडायला गोविंदपंत बुंदेले फिरत होते, ते डिसेंबरमध्ये मारले गेले. त्यानंतर आपल्या छावणीत घोडे उपासमारीने मरायला लागले. १४ तारखेला सकाळी जे स्वार निघाले त्यांतले कितीतरी उपाशी घोड्यांवर निघाले.

तेव्हा ती तुलना 'त्यांचा घोडा विरुद्ध आपला घोडा' अशी नव्हतीच. खाल्लेला घोडा विरुद्ध उपाशी घोडा अशी होती. उपाशी घोड्यांनी फळी फुटेपर्यंत नेली. हे वाक्य मी रूममेटला म्हणून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा काही बोलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा आपल्या बाजूने हिशोब फिरवतोय. तर मग हाच कॉलम अठरा वर्षांनी कसा उलटला तेही बघा, आणि तेही आपल्या घराजवळ.

१७७८ च्या अखेरीस मुंबईहून कंपनीची फौज रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघाली. सुमारे ३,९०० माणसं, आणि सामान ओढायला १९ हजारांच्या आसपास बैल. बोरघाट चढून, खंडाळा, कार्ले करत मुंगीच्या पावलाने पुढे. कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला, तोच आपला 'इष्टुर फाकडा'. ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावला पोचली. आपण ज्या रस्त्याने दीड तासात लोणावळ्याहून येतो तोच साधारण मार्ग. तळेगावात काय मिळालं? जळलेलं गाव. दाणा नाही, वैरण नाही. आणि चहूबाजूंनी महादजी शिंदे आणि तुकोजी होळकरांचे स्वार.

या स्वारांनी बंदुकांच्या रांगेवर उड्या टाकल्या नाहीत. गरजच नव्हती. ते फक्त फिरत राहिले. दोन दिवसांत कंपनीचा धीर सुटला. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, वडगावला गाठली गेली, आणि तिथे तह लिहून दिला. वडगाव मावळला महादजींचं स्मारक आहे. लोकलने गेलात तर स्टेशनपासून फार लांब नाही.

पानिपतला मराठे बुणग्यांसकट एका जागी अडकले आणि समोरच्याचे स्वार भोवती फिरत होते. वडगावला कंपनी बैलांसकट अडकली आणि मराठी स्वार भोवती फिरत होते. घोड्याची जात तीच, हेल्थ तीच, हल्ला तोच. हलकं घोडदळ जड घोडदळाला हरवतं असं काही यातून निघत नाही, तसा नियमच नाही. चारा कोणाच्या ताब्यात, एवढंच दोन्हीकडे बदललं.

'टोटल वॉर' खेळणारे आता कमेंटमध्ये लिहितील की आमच्या गेममध्ये पोसण्याचा खर्च असतो. मान्य. २००९ च्या 'एम्पायर टोटल वॉर'मध्ये मराठे खेळता येतात आणि दर फेरीला पैसेही कापले जातात. पण तिजोरीतून पैसे कापणं आणि तळेगावात गवत नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पानिपतला रसद आत येईना. नुसत्या रुपयाचा कडबा होत नाही.

तर शेवटी मी काय केलं? 'एज ऑफ एम्पायर्स'च्या एडिटरमध्ये एक नकाशा बनवला. ट्रिगर टाकले. दर मिनिटाला घोड्यांमागे अन्न कापलं जातं, शिल्लक शून्य झाली की घोड्यांची हेल्थ उतरायला लागते. रूममेटने अर्थातच फ्रँक्स घेतले. पंचवीस पॅलाडिन बनवले, निघाला, आणि चौथ्या मिनिटाला थांबला. मी त्याच्या शेतांवर आठ हुसार सोडले होते. तो पॅलाडिन परत फिरवू लागला, तोवर ते अर्धे झाले होते. मग म्हणाला, "थांब, थांब. गेम पॉज कर. आधी मला सांग चारा कुठून येतो."

नकाशा अजून अपलोड केलेला नाही, कारण एक बग आहे. ट्रिगर मेंढ्यांनाही उपाशी मारतोय. सुटला की लिंक खाली टाकतो. पुढचा भाग साल्हेरवर, दोन आठवड्यांनी. तोवर कोणी चाकणचा संग्रामदुर्ग बघून आलं तर फोटो पाठवा.